नि आक्का, नि आया

बाईंना स्पॅनिश कुणी शिकवलं, या प्रश्नाचं घरातलं ठरलेलं उत्तर ‘ऑफिसने’ असं होतं. खरं तर ऑफिसने फक्त फी माफ केली होती. परदेशी भाषा शिकवणाऱ्या एका संस्थेत बाई कारकून म्हणून लागल्या, तेव्हा नोकरमंडळींना कुठल्याही एका वर्गात फुकट बसायची सवलत होती. फुकट असूनही ती कुणी घेत नसे, इतकी ती संस्था दमवायची. बाईंनी घेतली. फ्रेंच घेतलं नाही, कारण नणंदेच्या यजमानांना फ्रेंचमधले चार शब्द येत आणि ते चारही ते जेवताना वापरत. जर्मन घेतलं नाही, कारण धाकटा दीर यंत्रांच्या कारखान्यात होता आणि जर्मन माहितीपत्रकं घरी आणून मोठ्याने वाचत असे. उरलं स्पॅनिश.

“स्पॅनिश बोलणार कुणाशी?” नवऱ्याने विचारलं होतं.

“कुणाशीच नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की नवऱ्याला वाटलं, पगार वाढला.

नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. आसपासच्या इमारतींत त्याला मिस्त्री म्हणत, आणि पुढे घरातलेही म्हणू लागले. दोन खोल्या नि स्वयंपाकघर. त्यात सासू, सासरे, दोन दीर, मूल झाल्यावर मूल, आणि सुट्ट्यांमध्ये यजमानांसह येणारी मोठी नणंद, म्हणजे आक्का. माणसं चांगली होती. भांडण नाही, तंटा नाही. एवढंच, की त्या घरात कुणी दार नुसतं लोटून घेतलं तरी बाहेरून लगेच काळजीचा आवाज येई, “बरं नाही का गं?” आजारी नसताना दार लावणं म्हणजे काय, हे त्या घराला समजत नव्हतं. बाई दार लावत नसत. त्या क्रियापदं पाठ करत. कणीक मळता मळता त्या पुटपुटायच्या आणि सासूबाई कौतुकाने शेजारणीला सांगायच्या, “आमची सून सारखं देवाचं म्हणत असते.”

पुढे जुने मास्तर संस्था सोडून गेले आणि बाई शिकवू लागल्या. ‘नकार’ हा त्यांचा हातखंडा विषय. तो धडा ऐकायला म्हणे पास झालेले विद्यार्थीसुद्धा परत येऊन मागे बसत. मिस्त्री संध्याकाळी त्यांना न्यायला जात आणि बाहेर बाकावर बसत. आतून हसण्याचे लोटच्या लोट येत. एकदा घरी चालताना त्यांनी विचारलं, “आज एवढं काय हसत होते?”

“‘पण’ या शब्दावर,” बाई म्हणाल्या.

‘पण’ या शब्दावर हसण्यासारखं काय असतं, ते मिस्त्रींना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. संसार झाला तो असा. वाईट मुळीच नव्हता. मिस्त्री बाईंना प्रेमाने ‘बाई’च म्हणत, बाई त्यांना ‘अहो’ म्हणत.

मग घर हळूहळू रिकामं झालं. सासू-सासरे गेले. दिरांनी आपापली घरं केली. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागला आणि तिथेच रुजला. दोघंही निवृत्त झाली. बाईंनी आतल्या खोलीत टेबल हलवलं, पुस्तकं लावली, दाराला नवी कडी बसवून घेतली. कडी मिस्त्रींनीच बसवली. त्याच महिन्यात, सकाळी भांडी विसळता विसळता, बाई ओट्यापाशी खाली बसल्या त्या स्वतःच्या बळावर परत उठल्या नाहीत.

मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, उजवं अंग गेलं, ओठाचा एक कोपरा खाली ओढला गेला आणि बोलण्याची सगळी मांडणी विस्कटली. वस्तूंची नावं तर पार निघून गेली. चहा हवा असला की त्या ‘खुर्ची’ म्हणत आणि मग स्वतःवरच चिडून डोळे मिटून घेत. डॉक्टर म्हणाले, “होतं असं. मोठे शब्द आधी जातात, बारकेसारके उरतात. आणि त्यांच्या हो-नाहीवर फार विसंबू नका. हो म्हणायचं असतं, नाही निघतं. मान हलवतात तीही उलटसुलट.”

आयुष्यभर नकार शिकवलेल्या बाईच्या ‘नाही’वर विसंबू नका, असं मुलाच्या वयाच्या एका डॉक्टरने सांगावं, यातली गंमत बाईंच्या एकटीच्या लक्षात आली असावी. त्यांचा ओढला न गेलेला ओठ जरा हलला.

घरी आणल्यावर मुलगा रजा काढून आला. मिस्त्रींना एकट्याला हे झेपणार नाही, असं त्याचं मत होतं. बायको समजूतदार होती, घर मोठं होतं. “आमच्याकडे घेऊन चला, बाबा.”

“तिला विचार,” मिस्त्री म्हणाले.

“डॉक्टर म्हणाले ना, विचारण्यात अर्थ नाही.”

“अर्थ नसू दे. विचार.”

मुलगा पलंगाजवळ वाकला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा मोठ्याने बोलला, “आई! इथेच राहायचं, की तिकडे माझ्याकडे यायचं?”

बाईंनी बराच वेळ छताकडे बघितलं. मग जड जिभेने, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं त्या म्हणाल्या, “नि… आकी… नि… आया.” श्वास घेतला. “सीनो… सोला.”

“काय म्हणाली?”

मिस्त्रींचा चेहरा आनंदाने फुलला. आजारपण आल्यापासून पहिल्यांदाच बाईंचं अख्खं वाक्य त्यांना लागलं होतं. “अरे, सरळ आहे! आक्का नि आया. आक्काला बोलवा म्हणते, आणि एक आया ठेवा. म्हणजे इथेच राहायचंय, पण मदतीला माणसं हवीत. केवढा विचार करून बोलली बघ!”

“आणि ते शेवटचं?”

“शिणले म्हणते. आणि संत्रं सोला म्हणते.” उशाशी संत्री होतीच. मिस्त्री सोलायला बसले.

बाईंनी डावा हात उचलला आणि गादीवर आपटला. “सोला,” त्या पुन्हा म्हणाल्या. “सोला!”

“सोलतोय गं, सोलतोय. घाई किती!”

अशी आक्का आली. यजमान गेल्यापासून तिला घर खायला उठत होतं, त्यामुळे वहिनीने जिभेवर ताबा नसतानाही आपलं नाव घेतलं, हे ऐकून तिला फोनवरच रडू फुटलं. ती मोठी बॅग घेऊन आली. आयाही मिळाली. भली बाई होती, हाताला हलकी. दोष एकच, की रोग्याला एकटं वाटू नये म्हणून ती अखंड बोलायची. आक्काचंही तेच तत्त्व होतं. दोघींनी बाईंच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या वाटून घेतल्या. एकीची नणंद कशी वागली ते संपलं, की दुसरीची भावजय कशी वागली ते सुरू होई. मधे बाई. एकीला झोप आलीच, तर ती दुसरीला जागं करून मगच डुलकी काढायची. रोग्याला क्षणभरही नजरेआड करायचं नाही, हे ठरलेलं होतं. रात्री मिस्त्री त्याच खोलीत खाली गादी घालून झोपत. दाराची नवी कडी एकदाही वापरली गेली नाही.

आणि संत्री. बाई ‘सोला’ म्हणाल्या की मिस्त्री सोलत. त्या तोंड फिरवत. मिस्त्रींना वाटे, शिरा राहिल्या असतील. ते शिरा काढू लागले. मग फोडींवरची पातळ साल काढू लागले. ज्या बोटांनी त्यांनी जन्मभर तेलकट तारा ओढल्या होत्या, त्या बोटांनी ते एकेक फोड नागडी करून बशीत ठेवत, आणि बाई त्या बशीकडे पाहत रडत.

“गोड नसतील,” आया म्हणाली.

“माझ्या वहिनीला आंबट कधी चालायचंच नाही,” आक्का म्हणाली. फळवाला बदलण्यात आला.

हळूहळू बाईंनी बोलणं सोडून दिलं. खाणंही घटलं. डॉक्टर म्हणाले, रोग्याने मन काढून घेतलं की औषध तरी काय करणार. मुलगा रोज फोनवर म्हणू लागला, “बघा, मी म्हणत होतो. आता पहिल्या तारखेला मी गाडी घेऊन येतो, आईला घेऊन जातो. तिथे तब्येत उतरतेच आहे.” मिस्त्री फोन ठेवत आणि मनात हिशेब मांडत. तिने मागितलं ते सगळं दिलं होतं. आक्का दिली, आया दिली. मग तिचं चुकतंय काय? आणि चुकत नसेल, तर मग आपलंच काहीतरी चुकतंय, आणि ते तिला सांगता येत नाही. मुलाकडे पाठवायचं की नाही, हे पहिल्या तारखेच्या आत त्यांना ठरवायचं होतं, आणि विचारायची सोय उरली नव्हती.

त्याच आठवड्यात अंगाला व्यायाम द्यायला नवी मुलगी आली. तिने पलंगावरच्या बाईंकडे पाहिलं, टेबलावरच्या पुस्तकांकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायची विसरली.

“या तर आमच्या बाई! काका, मी दोनदा नापास झालेय यांच्याकडे.”

बाईंनी डोळे उघडले. ओळखलं की नाही कोण जाणे, पण त्या टक लावून बघत राहिल्या. व्यायामवालीने हात हातात घेतला, हळूच वर उचलला. “दुखतंय का, बाई? कोपर की खांदा?”

“नि… नि,” बाई म्हणाल्या.

“दोन्ही दुखतंय,” मिस्त्रींनी मदत केली. “कोपर नि खांदा. हळू घ्या.”

मुलगी हसली. “नाही हो काका, दोन्ही दुखत नाहीये.” मग तिचं हसू थांबलं. “थांबा. तुम्हाला काय वाटतं, ‘नि’ म्हणजे काय?”

“‘नि’ म्हणजे काय, म्हणजे? ‘नि’ म्हणजे आणि. मी नि तू. कप नि बशी.”

“काका, हा आपला ‘नि’ नाही. हा स्पॅनिशमधला. ‘नि’ म्हणजे हेही नाही नि तेही नाही. मी नापास झाले ते ह्याच्यावरच! बाई फळ्यावर लिहायच्या आणि ओरडायच्या, ‘आपला नि दोघांना जवळ आणतो. हा नि दोघांनाही दाराबाहेर काढतो. घरी जाऊन घोळ घालू नका!’ सगळा वर्ग हसायचा.”

मिस्त्री संत्रं हातात घेऊन उभे होते, ते खुर्चीत बसले. दारात आक्का आली होती. तिच्यामागे हात पुसत आया.

“मग आक्का?” मिस्त्रींनी विचारलं.

“कोण आक्का?”

“मी आक्का,” आक्का म्हणाली.

“ती म्हणाली होती, नि आक्का, नि आया.”

व्यायामवालीने ते मनातल्या मनात फिरवून पाहिलं. “काय विचारलं होतं तेव्हा बाईंना?”

“इथे राहायचं, की मुलाकडे जायचं?”

“नि आकी, नि आया,” ती हळू म्हणाली. “आकी म्हणजे इथे. आया म्हणजे तिथे. इथेही नाही, तिथेही नाही.”

मग आया म्हणाली, “म्हणजे दादा, मला कुणी बोलावलंच नव्हतं?” तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त चौकशी करत होती.

“पुढे आणखी होतं,” मिस्त्री म्हणाले. “शिणले म्हणाली.”

“सीनो असेल. सीनो म्हणजे… कसं सांगू? ‘पण’ असतं ना, ‘गोड आहे पण महाग आहे’, तसलं ‘पण’ नव्हे. आधी सगळ्याला नाही म्हणायचं, पाटी कोरी करायची आणि मग खरं काय हवंय ते सांगायचं. हे नाही, ते नाही, तर अमुक. बाई म्हणायच्या, ‘आपल्याकडच्या बायका नाही म्हणायला शिकल्या, फार झालं, त्यापुढचं सीनो कुणी शिकवलंच नाही.’ सीनोच्या पुढे जे येतं, तेच खरं.” ती थांबली. “पुढे काय म्हणाल्या होत्या?”

मिस्त्रींच्या मांडीवर अर्धवट सोललेलं संत्रं होतं. त्यांनी ते बशीत ठेवलं.

“सोला,” ते म्हणाले.

मुलीने बाईंकडे पाहिलं, मग संत्र्याकडे, मग जमिनीकडे. “सोला म्हणजे एकटी, काका.”

“एकटी?” आक्का दारातून म्हणाली. “नवरा असताना? मुलगा, सून, मी असताना? अगं, आजारी माणूस काहीही बोलतं! डॉक्टरांनी सांगितलंय ना, हिचं ‘नाही’ म्हणजे नाही असं धरायचं नाही म्हणून. शुद्धीवर असती तर असं म्हणाली असती का?”

मिस्त्रींना ते फ्रेंचचे चार शब्द आठवले, जे त्यांचे मेव्हणे जेवताना वापरत. जर्मन माहितीपत्रकं आठवली. कुणाशीच नाही, असं म्हणतानाचा तो उजळलेला चेहरा आठवला. पगार तेव्हा वाढला नव्हता. ते म्हणाले, “शुद्धीवर असतानाच म्हणाली होती, आक्का. मलाच ऐकू आलं नव्हतं.”

संध्याकाळी त्यांनी दोघींना बाहेर बसवलं आणि पलंगाशी खुर्ची ओढली. “बाई,” ते म्हणाले, “आक्का नको. बरं. आया नको. बरं. मुलाकडे नको.” त्यांना पुढचं विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. “मी चालेन ना?”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नजर मऊ होती, याबद्दल मिस्त्रींना पुढेही कधी शंका आली नाही. चांगल्या हाताने त्यांनी मिस्त्रींच्या मनगटावर थोपटलं आणि म्हणाल्या, “ताम्पोको.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शब्द व्यायामवालीला विचारला. ती जरा चाचरली. “म्हणजे… ‘तेसुद्धा नाही’. कुणालातरी नकारात सामील करून घ्यायचं असलं की वापरतात.”

“सामील करून घ्यायचं,” मिस्त्री म्हणाले. “छान शब्द आहे.”

अर्धांग झालेल्या माणसाला खरंखुरं एकटं ठेवता येत नाही. कूस बदलावी लागते, पाणी पाजावं लागतं. पण दुपारचं जेवण झाल्यावर चहापर्यंत काहीच करायचं नसतं. तो वेळ आजवर केवळ सोबतीत जात होता. मिस्त्रींनी ठरवलं, तेवढा वेळ दार बंद. बाईंच्या चांगल्या हाताला घंटीचं बटण बांधलं आणि आया स्वयंपाकघरात बसू लागली. मुलाला त्यांनी फोनवर सांगितलं, गाडी आणू नकोस.

“एकटी ठेवणार? बाबा, तुम्हाला कळतंय का?”

“आत्ता कुठे कळायला लागलंय.”

आक्का तीन-चार दिवस टिकली. मग तिने बॅग भरली. जाताना पलंगाशी उभी राहून म्हणाली, “येते गं. तू बोलावलं नव्हतंस म्हणे.” आणि तोंडाला पदर लावून निघाली. मिस्त्री तिला पोचवायला खालपर्यंत गेले. तिथे ती म्हणाली, “चार महिने मला वाटत होतं, कुणाला तरी मी हवी आहे.” मिस्त्रींनी बॅग गाडीत ठेवली.

दार बंद ठेवायचं ठरलं त्या पहिल्याच दुपारी मिस्त्री बाहेर खुर्ची टाकून बसले होते. काही लागलं तर, हे कारण. बराच वेळ आत काही नव्हतं. मग आवाज आला. बाई बोलत होत्या. अडखळत, मधेच शब्द हरवत, पण बोलत होत्या, आणि कितीतरी वेळ. मिस्त्री कान देऊन ऐकू लागले. व्यायामवालीमुळे त्यांना आता चार-पाच शब्द लागू लागले होते. एक ‘नि’ ओळखू आला. मग दुसरा. मग ‘सीनो’. आता पुढे येईल तेच खरं, हे त्यांना माहीत होतं. ते उठले, चपला न घालताच जिना उतरले आणि रस्त्यावर जाऊन समोरच्या दुकानातल्या बादल्या बघत उभे राहिले.

व्यायामवाली एकदा म्हणाली, “काका, मी शिकवते तुम्हाला. नापास झालेली असले, तरी एवढं येतं मला. बाईंना किती बरं वाटेल.”

“नको,” मिस्त्री म्हणाले. “या घरात तिची तेवढी एकच खोली आहे. तिथे पण मीच जाऊन बसू?”

बाई खाऊ लागल्या. चहाला दार उघडलं की कधीकधी त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, पगारवाढीचा उजेड असे. मिस्त्री विचारत नसत. ते कपातून चमच्याने चहा पाजत आणि आज बाजारात काय पाहिलं ते सांगत, थोडक्यात. कधी बाई ऐकत, कधी डोळे मिटून घेत; मिटले, की मिस्त्री गप्प बसत. पूर्वी असं मधेच थांबणं त्यांना जमत नसे.

पुढच्या वर्षी अशाच एका दुपारी बाई गेल्या. घंटी वाजली नव्हती. आयाने शपथेवर सांगितलं, आणि तिच्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नव्हतं. मिस्त्रींनी चहाला दार उघडलं, तेव्हा बटण हाताखाली तसंच होतं आणि हात गार पडला होता.

माणसं जमली. मुलगा दाराशी पाठमोरा उभा होता. संस्थेतले जुने विद्यार्थी आले, जिन्यापर्यंत रांग लागली. आक्का आली ती सरळ मिस्त्रींसमोर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “शेवटी जवळ कोण होतं रे?”

“कुणी नव्हतं,” मिस्त्री म्हणाले.

“आया?”

“नव्हती.”

“आणि तू?”

मिस्त्रींना खरं तर त्या दुपारी दार उघडावंसं वाटलं होतं. बाजारातून ते लवकर परतले होते, दारावर हात ठेवला होता, आणि आतून काहीच आवाज येत नाही म्हणून, बोलत नाहीये म्हणजे झोपली असेल, असं स्वतःला सांगून त्यांनी हात काढून घेतला होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

“मीपण नव्हतो,” ते म्हणाले.

“एवढी माणसं असून,” आक्का रडत म्हणाली, “एकटी गेली रे!”

मिस्त्रींनी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, ते कुणालाच नीट कळलं नाही. मग तेही रडू लागले, आणि लोक सरकून त्यांच्या जवळ आले, दोन्ही बाजूंनी.